टोपीतला पांढरा मध

ओक्बुनला गाम्सिल गावात तिच्या नावानं कुणी ओळखत नसे. माहेर युलचीचं, म्हणून ती युलचीकरीण. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच नाव आणि केस पिकायला लागले तरी हेच. तिची त्याला हरकत नव्हती. तिला युलचीचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे, सासूचं खरं दुखणं तेच होतं.

युलची आणि गाम्सिलच्या मध्ये जिरीसान पर्वताच्या रांगेतला एकच डोंगर. अलीकडे पलीकडे तीच काळी, बारकी रानमाशी, तीच पोकळ ओंडक्यांची घरं आणि ओंडक्यावर तीच भाताच्या पेंढ्याची विणलेली टोपी. पण वसंतात ओंडका भरून वाहायला लागला आणि अर्ध्या माश्या जुन्या राणीला घेऊन बाहेर पडल्या, की दोन गावांची तऱ्हा वेगळी. युलचीची माणसं माश्यांना हाका मारतात. टोपी उंच धरायची आणि "द्रेऽ द्रेऽ, द्रेऽ द्रेऽ" करत राहायचं, दाणे टाकताना कोंबड्यांना बोलवावं तसं. गाम्सिलची माणसं तोंड मिटून मूठमूठ माती उधळतात आणि वर पाण्याचे शिंतोडे मारतात. पाऊस आला असं समजून माश्या जवळच्या फांदीला लोंबतात, असं गाम्सिलचं म्हणणं.

नवी नवरी म्हणून ओक्बुन आली त्याच वसंतात घरच्या ओंडक्यातल्या माश्या फुटून बाहेर पडल्या. ती बिचारी अंगणात मधोमध उभी राहिली, मान वर केली आणि माहेरच्या सवयीनं खणखणीत आवाजात हाका मारायला लागली. शेजारच्या बायका कुंपणावरून डोकावल्या. कुणी म्हणालं, नवरी माश्यांना जेवायला बोलावते आहे. सासू मालसुन चुलीपाशी होती, ती राख लागलेल्या हातानंच बाहेर आली, सुनेकडे बघितलं, खाली वाकली आणि माती उधळायला लागली. माश्या कुंपणालगतच्या पर्सिमनच्या फळझाडाच्या फांदीला लटकल्या.

"बघितलंस?" मालसुन म्हणाली.

"बघितलं की आई," ओक्बुन म्हणाली. "किती शहाण्या आहेत. एका हाकेत आल्या."

तिथून जे सुरू झालं ते दर वसंतात चाललं. एकीची हाक आणि दुसरीची माती. माश्या कधी फांदीला लागल्या, कधी डोंगर ओलांडून निघूनही गेल्या. आल्या की दोघींना श्रेय हवं आणि गेल्या की दुसरीनं घोळ घातला. मालसुन म्हणायची, या बयेच्या कोकलण्यानं घाबरून पळाल्या. ओक्बुन म्हणायची, डोळ्यात धूळ गेल्यावर पाहुणा थांबतो होय.

भांडायला कारणही तसंच होतं. माश्या ओंडका भरला की वर टोपीत पोळं बांधतात आणि तिथला मध सगळ्यांत शेवटचा, दुधासारखा पांढरा असतो. तो विकायचा नाही. माश्यांना जो घेऊन आला त्यानं तो खायचा, ही गाम्सिलची जुनी रीत. दंव पडायला लागलं की ओंडक्यांतली पोळी कापायची, पांढरा मध वाटीत काढायचा आणि मग वाटी मधे ठेवून सासूसुनेची जुंपायची. ओक्बुनचा नवरा चिल्बोक शांत स्वभावाचा. आई आणि बायको रंगात आल्या की तो वाटी आपल्याकडे ओढायचा आणि बोटानं साफ करून ठेवायचा. आपण या भांडणात कधी पडलो नाही, असं तो अभिमानानं सांगे.

आता ओक्बुनचा स्वभाव असा, की तिला एखादा प्रश्न चिकटला की सुटत नसे. लहानपणी तिनं बापाला विचारलं होतं, माश्यांना कान कुठं असतात? बाप म्हणाला, आधी हाक मार, मग विचार. तिनं मेलेली माशी तळहातावर घेऊन, उलटीसुलटी करून बघितली होती. कान सापडले नाहीत. पुढे मुलगी मिसोन बुसानला शिकायला गेली, तिथून तिनं फोनवर सांगितलं की आई, माश्यांना आपल्यासारखं ऐकूच येत नाही. त्यावर ओक्बुन दिवसभर विचारात पडली. मग तिनं ठरवलं की हाक माश्यांच्या पायांना कळत असेल. ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून कुणी चाललं की आपल्या तळपायाला कळतंच ना.

पण मनातून ते गेलं नाही. हाकेनं येतात, की मातीनं, की दोन्ही नुसता आपला खुळेपणा आणि त्या आपल्याआपणच येतात? शोधायचं तर सोपं होतं. एका वसंतात दोघींनी गप्प बसायचं आणि बघायचं. तिनं एकदा सासूला तसं सुचवलंही. मालसुन म्हणाली, तू गप्प बस, मी माती टाकते. ओक्बुन म्हणाली, तुम्ही माती टाकू नका, मी हाक मारते. आणि खरं सांगायचं तर दोघींनाही भीती होती. समोर माश्या घोंगावत असताना, वर्षाचं पोट त्यांच्यावर असताना, नुसतं बघत उभं राहायला छाती लागते. त्यामुळे प्रश्न तसाच राहिला.

मग ते वाईट वर्ष आलं.

आधी ओंडक्यांच्या दाराशी पिल्लं दिसायला लागली. माश्या आपलीच पिल्लं ओढून बाहेर टाकत होत्या. पिल्लं म्हणजे पाण्यानं फुगलेल्या पिशव्या नुसत्या, बोट लावलं की फुटत. उन्हाळा सरेपर्यंत खोऱ्यातला एकेक ओंडका गप्प झाला. परगण्याच्या कचेरीतली माणसं तोंडाला फडकी बांधून आली. रोग पसरू नये म्हणून ओंडके, टोप्या, मेण, सगळं घरामागे रचून पेटवलं. त्यांचंही बरोबरच होतं, ते तरी काय करणार. ओक्बुन आणि मालसुन ओट्यावर बसून बघत राहिल्या. आग विझली तेव्हा मालसुन उठली, मूठभर माती घेतली आणि राखेवर टाकली.

त्यानंतरचे वसंत रिकामे गेले. चिल्बोकनं मिरचीचं आणि चेस्टनटच्या झाडांचं बघितलं, घर चाललं, पोटाची आबाळ झाली नाही. पण ओक्बुन दर हिवाळ्यात पेंढा भिजवून नवी टोपी विणायची. नव्या ओंडक्याच्या पोटाला आतून धग देऊन तो कड्याखालच्या सपाट दगडावर नेऊन ठेवायची, आणि माहेराहून आणलेलं जुनं मेण आत चोळायची. रानात कुठं चुकूनमाकून राहिलेल्या माश्या असतील तर याव्यात. आल्या त्या मुंग्या आणि एकदा उंदीर. चिल्बोक म्हणायचा, टोप्या विणतेस खरी, डोकी कुठायत? ती म्हणायची, डोकी आल्यावर टोपी विणायला बसू काय.

पण अंगणातली हाक बंद झाली होती. हाका मारायला आभाळात काही नव्हतंच.

मे महिन्यातल्या एका सकाळी ओक्बुन आणि मालसुन वाफ्यातली भाताची रोपं बघत होत्या तेव्हा चिल्बोक वेशीकडून पळत आला. चिल्बोक पळतोय म्हटल्यावर दोघींनाही वाटलं, कुणीतरी गेलं.

"माश्या," तो म्हणाला. "आपल्या काळ्या. देवझाडावर."

वेशीवरचं देवझाड कितीतरी पिढ्यांचं आहे. त्याच्या पारावर गाव बसतं, पण पाराच्या आत, डाव्या पिळाच्या गवती दोरीपलीकडे कुणी पाय ठेवत नाही. त्यावर चढायचं नाही, फांदी मोडायची नाही, आणि वाऱ्यानं पडलेली काटकीही चुलीत घालायची नाही. कुणा एकानं घातली होती, त्याचं तोंड वाकडं झालं ते मरेपर्यंत तसंच राहिलं, असं सगळे सांगतात. पाहिलेलं कुणी नाही, पण काटकीलाही कुणी हात लावत नाही.

त्या झाडाच्या रस्त्याकडच्या फांदीला, दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तर हात पोचेल इतक्या उंचीवर, माश्यांचा घोस लोंबत होता. भोपळ्याएवढा, काळसर, आणि सतत हलणारा. ओक्बुन खाली उभी राहून बघतच राहिली. कुठून आल्या असतील? युलचीच्या बाजूनं? वरच्या कड्यातून? रोगातून वाचलेल्या कुठल्या कपारीतल्या असतील? तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

मग तिला दिसलं की घोसावर काही माश्या थरथरत नाचताहेत, काही उडून जाताहेत, काही येताहेत. घर शोधायला गेलेल्या त्या. त्यांचं एकमत झालं की सगळा घोस उठणार आणि डोंगरापलीकडे कुठंतरी जाणार. दुपारपर्यंत थांबल्या तर नशीब. या गेल्या तर पुन्हा कधी येतील, येतील तरी का, हे कुणाला माहीत. तिच्या घरात टोपी तयार होती, कड्याखाली ओंडका तयार होता, आणि माश्या होत्या तिथं हात लावायची सोय नव्हती.

झाडाची पूजा योम आबांकडे होती. आबा नव्वदीला टेकलेले, कान शाबूत, आणि घाई या गोष्टीशी त्यांची ओळख नव्हती. ओक्बुन त्यांच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, झाडाला विचारावं लागेल.

"आबा, दुपार टळेपर्यंत थांबतील असं नाही हो."

"झाड कुठं पळतंय?"

"झाड नाही, माश्या."

"मग माश्यांना तू सांग. झाडाला मी विचारतो."

विचारायचं म्हणजे पाट मांडायचा, सुका मासा ठेवायचा, तांदळाची गढूळ दारू ओतायची आणि नमस्कार घालायचे. झाडाच्या हद्दीत जाणाऱ्या प्रत्येकानं आंघोळ करून धुतलेले कपडे घालायचे. लांब बांबूला टोपी बांधून घोसावर धरायला आबांनी हो म्हटलं, पण बांबू झाडाला टेकता कामा नये. इथपर्यंत ओक्बुन मान हलवत होती. मग आबा म्हणाले, पहिला प्याला ओतल्यापासून शेवटचा नमस्कार होईपर्यंत झाडाखाली कुणाचा आवाज निघायचा नाही.

"माश्यांना हाक मारायला लागते, आबा."

"तुमच्या युलचीच्या माश्या असतील ऐकणाऱ्या. इथं झाड ऐकत असतं."

मागोमाग आलेली मालसुन हसली. आबांनी तिच्याकडे वळून बघितलं. "आणि माती उडवायची नाही. देवाच्या अंगावर धूळ टाकायची म्हणजे काय समजलीस?"

मालसुनचं हसू जागच्या जागी थांबलं. सासूसुनेनं एकमेकींकडे बघितलं. इतक्या वर्षांत दोघी एकदम हरल्या, असं पहिल्यांदाच होत होतं.

घरी जाताना ओक्बुनच्या मनात भीती होती, पण खोटं कशाला बोला, भीतीच्या खाली जुना प्रश्नही हळूच जागा झाला होता. हाक नाही, माती नाही. जे तिला कधी करून बघायचं धाडस झालं नाही, ते आज झाडच करायला लावत होतं. आल्या तर कळेल. पण नाही आल्या तर? तर कळेल, आणि माश्या गेलेल्या असतील. असलं कळणं तिला नको होतं, पण निवड तिच्या हातात नव्हती.

योम आबांनी डोकं धुतलं, ते सावकाश धुतलं. पांढरा झगा पेटीतून काढला, त्याच्या नाड्या सापडल्या नाहीत, मग सापडल्या. सुका मासा आणायला गेलेला माणूस चुकीचा, डोकं नसलेला मासा घेऊन आला, त्याला परत पाठवला. ओक्बुन पाराजवळून घरी, घरून पाराजवळ अशा फेऱ्या मारत होती. शेवटी चिल्बोक म्हणाला, आंघोळ तरी उरक बाई, नाहीतर तुझ्यामुळे थांबायचं सगळं.

तिनं भराभर गार पाणी अंगावर ओतलं. देवाच्या झाडाखाली जायचं म्हणून, आणि घाईत हाताला लागला म्हणून, मिसोननं बुसानहून पाठवलेला गुलाबी साबण तिनं पहिल्यांदाच उघडला आणि मानेपासून पायापर्यंत घासला. जी बाई माश्यांजवळ जाताना लसूणसुद्धा खात नसे, तिनं. देवासाठी स्वच्छ होताना माश्या तिच्या डोक्यातून पार निघून गेल्या होत्या.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा पाट मांडला गेला. घोस अजून होता. चिल्बोकनं लांब बांबूच्या टोकाला टोपी बांधली होती, टोपीच्या आत ओक्बुननं माहेरच्या मधाचं बोट फिरवलं होतं. दुसऱ्या बांबूला रानदवण्याची जुडी बांधली होती. टोपी वर धरायची आणि जुडीनं खालून माश्यांना अलगद वर ढकलायचं. माशी अंधाराकडे, वरच्या बाजूला चढते. जुडी चालवायचं काम हलक्या हाताचं, ते ओक्बुनचं.

आबांनी प्याला ओतला. गावातली दहापाच माणसं दोरीबाहेर उभी होती, त्यांच्यातही कुणी खाकरलं नाही. चिल्बोकनं टोपी घोसावर नेली. ओक्बुननं जुडी वर केली, दोन पावलं पुढं झाली, आणि वरून सरळ तिच्या चेहऱ्यावर एक माशी आली. पापणीला डसली. मग दुसरी, गालाला. सगळा घोस सळसळला, कडेच्या माश्या सुटून तिच्याभोवती घोंगावायला लागल्या. तिच्या नाकाला तेव्हा स्वतःचाच वास आला. गुलाब. मानेवर, हातांवर, केसांत, सगळीकडे गुलाब.

ओरडायचं नव्हतं. तिनं ओठ दाबले, जुडीचा बांबू हळूच खाली घेतला आणि मागं सरकली. घोस उठणार आता, गेलाच, असं तिला वाटलं. तिच्या हातातला बांबू कुणीतरी काढून घेतला. मालसुन. मालसुन जन्मात साबणाला शिवली नव्हती, साबण म्हणजे पैशाचा फेस असं तिचं मत. ती तांदळाच्या पाण्यानं न्हायलेली, तिला नुसत्या म्हातारपणाचा वास येत होता. ती मुलाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि जुडी वर नेली.

ओक्बुन दोरीबाहेर गेली, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभी राहिली आणि पदरासारखा पंचा तोंडावर धरला. डोळा सुजून मिटत चालला होता. दुसऱ्या डोळ्याला दोन पाठी दिसत होत्या, चिल्बोकची रुंद आणि सासूची वाकलेली. जुडी थरथरत होती. ऐंशी वर्षांचे हात ते. अजून वर, आई, अजून जरा डावीकडे, असं सगळं तिच्या ओठांपर्यंत येत होतं आणि तिथंच अडत होतं. हाक तर घशात नुसती उड्या मारत होती. एवढी गप्प ती तिच्या लग्नातही बसली नव्हती.

बराच वेळ काही झालं नाही. माश्या टोपीच्या कडेपर्यंत यायच्या आणि परत घोसात मिसळायच्या. शोधायला गेलेल्या अजून येत होत्या, नाचत होत्या. मग घोसाचा वरचा भाग सैल झाला. थोड्या माश्या टोपीच्या आत गेल्या. आणखी थोड्या. कडेला बसलेल्या काहींनी शेपट्या वर करून पंख फडफडवायला सुरुवात केली आणि ओक्बुनचा जीव भांड्यात पडला, कारण ते ती लहानपणापासून ओळखत होती. राणी आत गेली होती. बाकीच्यांना त्या आत बोलावत होत्या. घोस आटत आटत वर चढला आणि टोपी खालपर्यंत भरून काळी झाली.

योम आबांनी शेवटचा नमस्कार घातला. तोही सावकाश. ते उठून उभे राहिले तेव्हा सगळ्या गावानं एकदम श्वास सोडला, आणि चिल्बोकनं टोपी हळूहळू खाली घेतली.

टोपीवर पातळ कापड बांधून ते घरी निघाले. ओक्बुन वासामुळे बरीच मागून चालत होती, एका डोळ्यानं वाट बघत. आनंद इतका झाला होता की पोटात मावेना. पण चालता चालता तिच्या लक्षात आलं की आज उत्तरही मिळालं. हाक नाही, माती नाही. आपल्याआपणच आल्या. म्हणजे बापाचा घसा, युलचीच्या सगळ्या बायकांचे घसे, तिचा स्वतःचा, उगाचच. तिला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग जरा वाईटही वाटलं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर टोपी कड्याखालच्या ओंडक्यावर बसवली. घरी येऊन हात धुताना तिनं चिल्बोकला सांगितलं, हाकेशिवायच आल्या.

"हाक नव्हती असं कोण म्हणतं?" तो म्हणाला. "आई माझ्या कानाशी सारखं पुटपुटत होती. द्रेऽ द्रेऽ, द्रेऽ द्रेऽ. मला वाटलं आबा ऐकतात आता आणि सगळ्यांना हाकलतात."

ओक्बुन पाण्यातला हात तसाच ठेवून वळली. मालसुन ओट्यावर लसूण सोलत होती.

"दात नसलेल्या बाईचं तोंड हलतच असतं," मालसुन म्हणाली. तिनं वर बघितलं नाही.

ओक्बुननं विचारलं, खरंच मारलीत हाक? मालसुननं लसणाकडे बोट दाखवलं आणि सोलायला बस म्हणाली. पुढं अनेक दिवस ती विचारत राहिली. सकाळी विचारलं, जेवताना विचारलं. एकदा तर योम आबांकडे जाऊन विचारलं की आबा, त्या दिवशी झाडाखाली कुणाचा आवाज आला होता का हो. आबा म्हणाले, आला असता तर झाडानं सांगितलं असतं. मालसुन काही कबूल होईना. हा प्रश्न जुन्या प्रश्नापेक्षा चिवट निघाला, कारण याचं उत्तर घरातच लसूण सोलत बसलेलं होतं.

माश्या टिकल्या. दुसऱ्या दिवशीच त्यांच्या पायांना परागाचे पिवळे गोळे दिसले आणि त्या इथंच राहणार हे कळलं. उन्हाळ्यात गांधीलमाश्या आल्या त्यांना चिल्बोकनं बॅडमिंटनच्या रॅकेटनं मारलं. पिल्लं धडधाकट निघाली. ओक्बुन रोज ओंडक्याच्या दारापाशी बसून जमिनीवर काही टाकलेलं दिसतं का बघायची, आणि काही दिसलं नाही की उठून कामाला लागायची.

दंव पडलं, पर्सिमन पिकून लाल झाले. ओंडका पुरता भरला नव्हता, म्हणून त्यातला मध माश्यांना हिवाळ्याला ठेवला. फक्त टोपी उचलली. आत हाताच्या पंजाएवढं पोळं होतं. पांढरं. ते वाटीत काढलं तर वाटी अर्धीही भरली नाही.

तिघं चुलीच्या धगीनं खालून तापलेल्या जमिनीवर बसली. वाटी मधे. इतक्या वर्षांनी ती वाटी मधे आली होती आणि कुणी भांडत नव्हतं, त्यामुळे चिल्बोकलाही काय करावं कळेना. मग मालसुननं वाटी उचलली आणि सुनेपुढं सरकवली.

"हे काय, आई?"

"तुझं. घे."

"माझं कसं? मी दोरीबाहेर होते. पंचा तोंडात कोंबून."

"हाक तुझीच होती ना," मालसुन म्हणाली. "मी नुसती उसनी घेतली."

ओक्बुननं वाटी बाजूला सारली. "म्हणजे मारलीत."

"मारली. हळू मारली. झाडाला कळू नये इतपत."

"आई, जन्मभर मी वाट बघत होते, की एकदा तरी सगळे गप्प बसावेत आणि कळावं. त्या दिवशी कळलं असतं. तुम्ही त्यात तोंड घातलंत."

"म्हणूनच घातलं," मालसुन म्हणाली. "त्या गपचूप आल्या असत्या तर पुढच्या वसंतात तू हाक मारली असतीस का? तुला काय मी ओळखत नाही? तुला एकदा कळलं की तुझं त्यातलं लक्ष उडतं. ती वर्षं गेली ना, माश्या नसलेली, मला मधाचं काही वाटलं नाही. मध काय, बाजारात मिळतो. वसंत यायचा आणि अंगण गप्प. एवढं कोकलणारी बाई घरात असून गप्प. ते मला खायला उठायचं." ती थांबली, मग जरा चिडूनच म्हणाली, "आता माझे किती वसंत राहिलेत. तेवढ्यांत तू ओरडत जा. नंतर काय ते शोधत बस."

ओक्बुननं मान खाली घातली आणि बाहीनं नाक पुसलं. मग पांढऱ्या मधात बोट बुडवलं आणि ते सासूच्या ओठांपुढं धरलं. म्हाताऱ्या बाईनं तोंड उघडलं.

दोघींचं लक्ष नाही असं बघून चिल्बोकनं नेहमीसारखा वाटीकडे हात नेला. दोघींनी त्याच्या हातावर एकदमच चापट मारली.